मुद्दाम अडकवलेलं माउथपीस

रुथकाकूंचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. गेली वीसहून अधिक वर्षं मी पितळी वाद्यं दुरुस्त करतो आणि त्यांची माउथपीस बनवतो. त्यावर घर चाललं, धाकट्या बहिणीचं शिक्षण झालं, आणि अमेरिकेत येऊन आपण काहीतरी नेमकं शिकलो असं मनापासून म्हणता आलं. हे ज्यांच्यामुळे झालं त्या रुथकाकू पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यात जन्मलेल्या, खाणकामगाराची मुलगी. मी निलंग्याच्या तांबटाचा मुलगा. आम्हा दोघांच्या मध्ये होतं ते फक्त पितळ.

मी २००१ साली मेटलर्जीत, म्हणजे धातुशास्त्रात, एम.एस. करायला पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी आलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील घागरींचे पोचे काढायचे, फुटक्या बुडाला डाग द्यायचे, कल्हई करायचे. शाळा सुटली की मी त्यांच्या शेजारी ऐरणीशी बसायचो. पुढे शिष्यवृत्ती मिळत गेली आणि मी पुण्यात आणि मग इथवर पोचलो. पहिल्या सत्रात असिस्टंटशिप मिळाली नाही. माझ्याबरोबरची मुलं विद्यापीठाच्या खानावळीत भांडी घासायला लागली. मीही तिकडेच निघालो होतो, तेवढ्यात बोर्डावर एक कागद दिसला: विद्यापीठाच्या वाद्यकोठीत मदतनीस हवा, धातूकामाची सवय असल्यास उत्तम.

वाद्यकोठी तळघरात होती. भिंतीला ओळीने वाद्यं टांगलेली आणि मधल्या टेबलाशी डोक्याला रुमाल बांधलेल्या, माझ्या आईहून मोठ्या एक बाई.

"धातूचं काम केलंयस?"

"हो मॅडम. वडील भांडी दुरुस्त करतात."

"कसली भांडी?"

"पितळेची. पाणी भरायची."

त्यांनी एक ट्रंपेट माझ्यापुढे सरकवलं. त्याच्या कर्ण्याला, म्हणजे पुढच्या पसरट तोंडाला, चांगला अंगठ्याएवढा पोचा होता. हत्यारं अनोळखी होती, पण पोचा ओळखीचा होता. मी आतून गोल तोंडाची सळई लावली आणि बाहेरून लाकडी हातोडीने कडेकडेने येत पोचा मोकळा केला. मध्यावर घाव घालायचा नसतो, हे मला सातवीत माहीत होतं. बाईंनी कर्णा उजेडात फिरवून पाहिला.

"सोमवारी ये. आणि मॅडम म्हणू नकोस. मी रुथ."

आता आईहून मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची कशी? दोन आठवडे मी त्यांना हाकच मारली नाही, समोर जाऊन उभा राहायचो. शेवटी एकदा तोंडातून 'रुथकाकू' निघून गेलं.

"काकू म्हणजे काय?"

"वडिलांच्या भावाची बायको."

त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. "दिसायला कसा आहे तुझ्या बापाचा भाऊ?"

त्या दिवसापासून त्या काकू झाल्या. कोठीतली बाकीची अमेरिकन मुलंही त्यांना काकू म्हणायला लागली. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

अपार्टमेंटमधला नागपूरचा नितीन मात्र माझी यथेच्छ टर उडवायचा. "अबे, एम.एस. करायला आलास की वरातीत वाजवायला? घोडा कुठे पार्क केला?" घरी फोनवर आण्णांना, म्हणजे वडिलांना, कामाचं सांगितलं.

"म्हंजी भांडीच की," ते म्हणाले.

"हो आण्णा. भांडीच. फक्त पाण्याऐवजी हवा भरायची."

"गळती काढायची हाय ना?"

"हो."

"मग काम चांगलंय."

कामात काय असायचं ते थोडक्यात सांगतो. पितळी वाद्य म्हणजे एक लांब नळी, तिला वळणं, मध्ये दाबायच्या तीन-चार कळा, एका टोकाला कर्णा आणि दुसऱ्या टोकाला माउथपीस. माउथपीस म्हणजे छोटी पितळी वाटी, तिच्या काठावर ओठ टेकवून फुंकायचं. वाटीखाली निमुळता दांडा असतो, तो नळीत नुसता घालून किंचित फिरवायचा. पण पोरांना त्यावर तळहाताने चापट मारायची खोड असते, कारण 'पॉक्' असा मजेदार आवाज येतो. एकदा चापट बसली की दांडा नळीत असा रुततो की हाताने निघत नाही. मग ते वाद्य घरी जातं, घरात कुणीतरी पक्कड काढतं, आणि दुसऱ्या दिवशी पिळवटलेल्या नळीसकट सगळं आमच्या टेबलावर येतं. आमच्या धंद्यातली ही रोजची तक्रार. अडकलेलं माउथपीस दोन्हीकडून सारखा ताण देत काढायचं एक साधं यंत्र असतं. काकू ते फिरवताना पोरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "देवाने हाताला बोटं दिलीत. चापटा मारायला पंजा अस्वलाला दिलाय."

तऱ्हेवाईक गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. जवळच्या गावातल्या हायस्कुलाचा एक मुलगा सुसाफोन घेऊन आला. सुसाफोन म्हणजे अंगाभोवती अजगरासारखा वेटोळा घालणारा प्रचंड कर्णा. म्हणाला, महिनाभर आवाज बसल्यासारखा येतोय. मी आत हात घातला तर त्याचा प्लॅस्टिकचा रेनकोट निघाला. पावसात कपडे सांभाळायला म्हणून त्यानेच कोंबला होता आणि विसरला होता. आपलाच दम कमी पडतोय असं वाटून तो बिचारा महिनाभर रोज सकाळी पळायला जात होता. रेनकोट काढल्यावर त्याने फुंकलं तेव्हा कोठीतल्या काचा थरथरल्या.

आणखी एक गृहस्थ आले, सत्तरीचे, निवृत्त पोस्टमन. जुनं बिगुल त्यांनी टॉवेलमध्ये गुंडाळून आणलं होतं. ठिकठिकाणी पोचे.

"गळती काढ. पोचे काढू नकोस."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "पोचे ठेवायचे?"

"हा बसच्या पायरीवर आपटला तेव्हाचा. हा आमच्या ड्रम मेजरच्या, बँडच्या म्होरक्याच्या, लग्नातला. आणि हा मी स्वतः फेकून मारला तेव्हाचा. आम्ही स्पर्धा थोडक्यात हरलो होतो." मग त्यांनी किती गुणांनी हरले, कुठल्या परीक्षकाने कुठे गुण कापले आणि तो परीक्षक का गाढव होता, हे सगळं काल घडल्यासारखं सांगितलं. माझ्या वडिलांनी पोचा ठेवून एकही भांडं गिऱ्हाइकाला परत दिलं नव्हतं. मी गळती तेवढी काढली. हात शिवशिवत होते, पण बिगुल तसंच परत दिलं.

ते गेल्यावर मी काकूंना विचारलं, "हे कोण?"

"ड्रम कोअरवाला. आमच्यातलाच."

ड्रम कोअर ही गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. फुटबॉलच्या मैदानावर शंभरेक माणसं चालत, पळत, आकृत्या बदलत वाजवतात. बासरी नाही, सॅक्सोफोन नाही. फक्त पितळ आणि ढोल, आणि निशाणं नाचवणारी मंडळी. दहा-अकरा मिनिटांचा एकच कार्यक्रम, तोच वर्षभर घासायचा, आणि उन्हाळ्यात गावोगाव स्पर्धा. बहुतेक कोअरमध्ये एकविसाव्या वर्षापर्यंतच राहता येतं. पण आमच्या भागात सर्व वयांचे कोअरही आहेत, तिथे शाळकरी मुलगी आणि तिच्या आजोबांच्या वयाचा ट्रकवाला एकाच रांगेत चालतात. शनिवार-रविवारी सराव, सोमवारी पुन्हा नोकरी. कुणाला पैसा मिळत नाही. काकू लहानपणी त्यांच्या चर्चच्या मुलींच्या कोअरमध्ये होत्या, मग संसार झाला, मुलं मोठी झाली, नवरा गेला, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी त्या परत रांगेत उभ्या राहिल्या. त्यांचं वाद्य बॅरिटोन, म्हणजे ट्रंपेटचा जाडजूड, भारदस्त आवाजाचा थोरला भाऊ.

पुढच्या उन्हाळ्यात त्या मला एका स्पर्धेला घेऊन गेल्या. मी तिकीट काढायला निघालो तर म्हणाल्या, "आधी पार्किंगमध्ये ये. खरं तिथे असतं."

मैदानात जाण्याआधी प्रत्येक कोअरची पितळवाली मंडळी पार्किंगमध्ये अर्धवर्तुळात उभी राहून गळा मोकळा करते. रसिक लोक घडीच्या खुर्च्या घेऊन त्या अर्धवर्तुळाच्या तोंडाशी येऊन थांबतात. कुणी दूरच्या राज्यातून गाडी हाकत आलेले असतात. गेल्या वर्षीपेक्षा खालच्या सुरांची बाजू कशी झाली, यावर आपल्याकडे मैफलीनंतर व्हावेत तसे वाद घालतात. मी त्यांच्यात उभा होतो. काकू समोर, हातात हॉर्न. तिथे सगळ्याच पितळी वाद्याला हॉर्न म्हणतात. समोरच्या संचालकाचे हात वर गेले, सगळे हॉर्न एका झटक्यात ओठाला लागले, आणि एक लांब, सावकाश स्वर आला.

मला पितळेचा आवाज माहीत होता. पण तो ऐरणीवरचा, ठोकलेल्या पितळेचा आवाज. हा छातीच्या फासळ्यांना हात लावून गेला. आणि एक चमत्कार मी तिथे ऐकला. सगळ्यांचे स्वर अगदी शुद्ध लागले की वर, रांगेच्या डोक्यावर, कुणीही न वाजवलेला एक स्वर ऐकू येतो. आपल्याकडे तंबोरा नेमका जुळला की त्यातून आपोआप गंधार बोलतो, तसं. निलंग्याच्या राममंदिरातल्या भजनीबुवांनी तो मला लहानपणी कान टेकवून ऐकवला होता. तोच मला पेनसिल्व्हेनियाच्या डांबरावर भेटला. मी खिशातला फोन काढला, कॉलिंग कार्डावरचे आकडे दाबले, घरी नंबर फिरवला आणि फोन उंच धरला. भारतात पहाट होती.

"लई आवाज येतोय रे," आण्णा म्हणाले. "बसस्टँडवर हायेस का? मागून कर."

त्यांना तो आवाज प्रत्यक्ष कधी ऐकवता आला नाही. व्हिसासाठी कागद जमवत होतो तोवर ते गेले. ही रुखरुख आहे, ती राहणारच.

परतताना गाडीत काकूंना म्हटलं, "मला शिकायचंय."

"वय?"

"चोवीस."

"उशीर झालाय," त्या म्हणाल्या, "पण मरेपर्यंत वेळ आहे."

त्यांनी स्वतःचा जुना बॅरिटोन मला वापरायला दिला. पहिला महिनाभर नुसती हवा गेली. पितळी वाद्यात आवाज वाद्य करत नाही, ओठ करतात. ओठ थरथरले पाहिजेत, आणि वाद्य त्या थरथरण्याला फक्त हो म्हणतं. तो होकार ज्या दिवशी पहिल्यांदा मिळाला त्या दिवशी मी अपार्टमेंटच्या लाँड्रीत कपडे वाळवण्याच्या यंत्रांसमोर उभा होतो, कारण घरात वाजवायला नितीनने बंदी घातली होती. एकच स्वर, जाडसर, थोडा डळमळीत. पण तो माझ्या श्वासाचा होता. परीक्षेत पहिला नंबर आला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. वरच्या मजल्यावरच्या देशमुखकाकूंनी खाली येऊन विचारलं, "अरे, मशीन बिघडलं का?"

एम.एस. झालं आणि मला दोन तासांवरच्या एका वाद्य-कारखान्यात नोकरी लागली. काम माउथपीस विभागात. व्हिसाच्या अर्जावर मेटलर्जिस्ट लिहिलं होतं आणि ते खरंच होतं. शनिवार-रविवारी मी काकूंच्या कोअरमध्ये दुरुस्तीच्या ट्रकवर असायचो. चिकटलेल्या कळा, सुटलेले डाग, तुटलेल्या स्प्रिंगा. सराव संपला की काकूंजवळ बसून वाजवायचो. रांगेत यायला त्या अनेकदा म्हणाल्या. मी म्हणायचो, मी ट्रकचा माणूस.

काकूंचा दात हलायला लागला तो २००६ च्या वसंतात. वरचा, पुढचा. पितळवाल्यांच्या लेखी पुढचा दात म्हणजे काय ते इतरांना कळणं कठीण आहे. माउथपीसचा सगळा भार ओठामागून त्याच्यावर असतो. दात काढावा लागला, तिथे कृत्रिम बसवला, जखम भरली. आवाजही आठवड्याभरात परत आला, काकूंची फुंक ती. पण नव्या दाताने जबड्याची ठेवण किंचित बदलली. खालचा जबडा मागे सरकला आणि त्यांचा हॉर्न खाली झुकायला लागला.

साध्या बँडमध्ये याने काही बिघडत नाही. ड्रम कोअरमध्ये सगळं बिघडतं. रांगेतला प्रत्येक हॉर्न जमिनीपासून एकाच कोनात, आडव्या रेषेच्या जरासा वर धरायचा असतो. प्रेक्षागृहातून पाहिलं की कर्ण्यांची एक चकचकीत रेघ दिसते. त्यात एक खाली असला की पंगतीत एकच पाट तिरका मांडल्यासारखं दिसतं आणि डोळा तिथेच अडकतो. काकूंनी मान मागे टाकून कोन साधायचा प्रयत्न केला, तर गळा आवळला जाऊन स्वर बारीक व्हायला लागला.

चालीची आणि आकृत्यांची जबाबदारी मार्ककडे होती. शाळेत गणित शिकवणारा तरुण माणूस, काकूंना मानणारा. सराव थांबवून तो त्यांना ट्रकशी बाजूला घेऊन आला, म्हणून मला ऐकू आलं.

"रुथ, मला हे बोलायला बरं वाटत नाही."

"मग लवकर बोल."

"पहिल्या स्पर्धेपर्यंत कोन जमला नाही तर मी तुला रांगेत ठेवू शकत नाही. पुढे कडेला उभी राहून झांजा वाजवशील?"

"नाही."

"तुझी जागा मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. रिकामी ठेवीन."

आकृत्या माणसं मोजून रचलेल्या असतात. कुणी गळालं तर तिथे भोक पडतं, आणि ते भोक प्रत्येक आकृतीत, प्रत्येक वळणावर रांगेबरोबर चालत राहतं. मार्क प्रेमानेच म्हणाला होता. पण काकूंचा चेहरा मी पाहिला. दोन तास गाडी हाकून त्या सरावाला येत, ते त्या जागेसाठीच. तिथेच आपण जाणार आणि आपल्या आकाराचं भोक मैदानभर फिरणार, ही कल्पना त्यांना सोसवत नव्हती.

मार्क गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुझ्या कारखान्यात माणसाचा जबडा बनवतात का?"

"नाही काकू," मी म्हटलं. "पण माउथपीस बनवतात."

विचार असा होता. जबडा सरळ होत नसेल तर दांडा वाकवायचा. माउथपीसच्या दांड्याला वर बाक दिला की ओठ जिथे आहेत तिथेच राहतील आणि हॉर्न उचलला जाईल. पण आत निमुळतं भोक असलेला पितळी दांडा नुसता वाकवला तर बाकाशी चेपतो आणि वाद्य गुदमरतं. म्हणून आत काहीतरी भरून मग वाकवावा लागतो. आण्णा नक्षीच्या भांड्यात राळ भरायचे. मी दांडा तापवून मऊ केला, निवल्यावर राळ भरून वाकवला, राळ वितळवून काढली. फोरमनने लेथ वापरायची परवानगी दिली होती, एवढंच विचारलं, "कुणासाठी?" मी सांगितलं. तो म्हणाला, "तिचा आवाज मी ऐकलाय. नीट कर."

पहिला बाक जास्त झाला. काकूंनी हॉर्न लावला तर कर्णा आभाळाकडे. "छान," त्या म्हणाल्या. "विमानं उतरवीन." दुसरा बरोबर जमला. वाद्यकोठीत, आरशासमोर, कोन काटेकोर आला, आवाजही मोकळा. आम्ही दोघंही खूश होऊन शनिवारी सरावाला गेलो.

मैदानावर मार्कने हाक दिली, सगळे हॉर्न झटक्यात वर गेले, आणि काकूंचा हॉर्न सरळ डावीकडच्या माणसाच्या कानाकडे वळला.

माझ्या लक्षात आलं नव्हतं ते हे. सरळ दांड्याचं माउथपीस नळीत थोडं फिरलं तरी काही होत नाही, ते गोलच असतं. वाकवलेलं माउथपीस झटक्याने फिरलं की वरचा बाक बाजूला येतो आणि हॉर्न तिकडे जातो. आरशासमोर काकूंनी हॉर्न सावकाश उचलला होता. रांगेत कुणी सावकाश उचलत नाही. पुन्हा हाक झाली, पुन्हा तेच, या वेळी उजवीकडे. रांगेत कुणी हसलं नाही. मार्क वहीत काहीच न लिहिता दुसरीकडे बघत राहिला. पहिली स्पर्धा पुढच्या शनिवारी होती.

जेवणाच्या सुट्टीत काकू ट्रकच्या पायरीवर येऊन बसल्या. हॉर्न मांडीवर. "काढून टाक ते," म्हणाल्या. मी माउथपीस काढायला हात लावला आणि ते सहज, बोटांनी निघालं. आयुष्यात पहिल्यांदा मला माउथपीस सहज निघाल्याचा राग आला. आणि त्याच क्षणी काय करायचं ते कळलं.

मी ते परत नळीत घातलं. काकूंना उभं केलं, हॉर्न ओठाला लावायला सांगितलं, बाजूने आणि पुढून नीट पाहून बाक अगदी वर आणला. दांड्यावर आणि नळीवर सुईने एक ओरखडा ओढला. मग हॉर्न त्यांच्या हातातून घेतला, ओरखड्याला ओरखडा जुळवला आणि चामड्याची हातोडी उचलली.

"तू हे करणार नाहीस," काकू म्हणाल्या.

"करणार."

"मी जन्मभर पोरांना ओरडत आले."

"पोरं चुकून करतात काकू. मी मोजून करतोय."

मी माउथपीसवर एकच ठोका दिला. 'पॉक्' असा आवाज आला. ते इतकं घट्ट रुतलं की हलवून पाहिलं तर हॉर्न हलला, ते हललं नाही. ज्या बाईने मला अडकलेली माउथपीस काढायला शिकवलं, तिच्याच हॉर्नमध्ये मी ते अडकवलं होतं. सुट्टीनंतर मार्कची हाक झाली. हॉर्न वर गेले. एकदा, दोनदा, दहादा. मार्क शिडीवरून ओरडला, "बॅरिटोन, छान!" त्याने कुणाचंच नाव घेतलं नाही.

एक अडचण उरली. माउथपीस लावलेलं असलं की हॉर्न पेटीत मावत नाही, झाकण बसत नाही. मग काकू तो पूर्ण मोसम अंगडं घातल्यासारखा टॉवेलात गुंडाळून फिरल्या. बसमध्ये त्याला शेजारची सीट. सोळा-सतरा वर्षांची पोरं विचारायची, "काकू, बाळ झोपलं का?" त्या म्हणायच्या, "झोपलंय. कुणी चापट मारली तर बघा."

सप्टेंबरात, लेबर डेच्या सुट्टीतल्या शेवटच्या स्पर्धेला मी प्रेक्षागृहात सगळ्यात वर जाऊन बसलो. मला माझं काम दुरून बघायचं होतं. आमचा कोअर मैदानात उतरला, बॅरिटोनची रांग माझ्याकडे वळली, हॉर्न वर गेले. मी काकूंना शोधायला लागलो. त्यांची जागा मला पाठ होती, तरी एका वळणानंतर रांगा एकमेकींतून गेल्या आणि मी चुकलो. कर्ण्यांची सलग रेघ समोर होती आणि त्यातला त्यांचा कुठला ते मला ओळखता येईना. शेजारच्या खुर्चीवर एक अनोळखी रसिक बसला होता, तो स्वतःशीच म्हणाला, "बघा, एका रेषेत." माझ्या कामाला त्याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळालेलं नाही. आम्ही जिंकलो नाही. त्याचं मला काही वाटलं नाही.

काकू त्या मोसमात आणि पुढच्या मोसमात चालल्या. २००८ च्या हिवाळ्यात गुडघ्याने दगा दिला. त्याला माझ्याकडे राळही नव्हती आणि हातोडीही. त्या मुलीकडे ॲरिझोनाला राहायला गेल्या. जाण्याआधी मला एवढंच म्हणाल्या, "मार्कला मी सांगितलंय. जागा रिकामी ठेवायची नाही. तू जायचंस." मी नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "ट्रक कुठे जात नाही." मी चाचणी दिली आणि निवड झाली. पहिल्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी त्यांना पत्र लिहिलं. ते इंग्रजीत होतं, इथे मराठीत देतो.

"प्रिय रुथकाकू,

उद्या पहिली स्पर्धा. आज दुपारी मार्कने पूर्ण कार्यक्रम सलग चालवून घेतला. मी दोन ठिकाणी चुकलो. एकदा पाय, एकदा श्वास. डावीकडच्या जॉर्जने चालता चालता मला कोपराने जागेवर आणलं आणि स्वर सोडला नाही. तो म्हणाला, तुम्हीही त्याला तसंच आणायचात.

जॉर्जच्या बायकोची तब्येत बरी आहे. नवीन पोरींपैकी एकीचं माउथपीस सकाळी अडकलं, मी काढून दिलं आणि तुमचं अस्वलाचं वाक्य ऐकवलं. माझ्या तोंडी ते तितकं चांगलं वाटत नाही.

तुम्ही मला पोचा काढायला शिकवलंत, म्हणजे अमेरिकन पद्धतीने. डाग द्यायला, कळ घासायला, फुंकायला, रागावलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायला शिकवलंत. माझ्या घरात इथवर कुणी आलं नव्हतं, त्यामुळे मला विचारायला कुणी नव्हतं, आणि मी सगळं तुम्हालाच विचारलं. तुम्ही कधी 'एवढंही माहीत नाही का' म्हणाला नाहीत. याचे आभार मी तोंडाने कधी मानले नाहीत, म्हणून लिहितो.

पण एक गोष्ट तुम्ही मला सांगितली नव्हती. कार्यक्रमाच्या शेवटाला रांगा मिटतात तेव्हा तुमच्या जागेच्या बरोबर मागे खर्जाचे मोठे हॉर्न येऊन थांबतात, आणि पुढून ट्रंपेटची रांग आपल्याकडे तोंड करून येते. आज मी तिथे उभा होतो. खालचा स्वर जमिनीतून टाचेत शिरला, वरचा कपाळावर आला, आणि त्यांच्या मध्ये माझा होता. मला तो वेगळा ऐकूच आला नाही. पार्किंगमध्ये ऐकू येतो तो वरचा, कुणीच न वाजवलेला स्वर तिथे डोक्यावर नसतो काकू. तिथे आपण त्याच्या आत असतो.

तुमच्या जबड्यासाठी मी दांडा वाकवला तेव्हा मला वाटलं होतं, या बाईला झांजा का चालत नाहीत, हट्टी आहेत. आज कळलं. उद्या मी तिथे उभा राहीन तेव्हा ती जागा रिकामी नसेल, पण माझीही नसेल. ती तुमची आहे. मी ती वाजती ठेवतो.

तुमचा पुतण्या."